पाय फाकलेलं नवजात पिल्लू: पहिल्या तीन दिवसांत काय करायचं

अंड्यातून बाहेर पडून दिवस उलटला आहे. अंगावरची लव सुकून फुलली आहे, भावंडं दाण्यावर चोची मारत फिरताहेत आणि कोंबडीचं एक पिल्लू मात्र फतकल मारून पडलं आहे. दोन्ही पाय दोन बाजूंना. उठायला जोर लावतं तसे ते आणखीच फाकतात. अशा पिल्लाला बरेच जण पहिल्याच दिवशी बाजूला काढतात, की हे काही जगायचं नाही. हा निकाल फार घाईचा आहे. पाय फाकणं हा काही संसर्ग नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. चिकटपट्टीचा एक तुकडा, खरखरीत अंथरूण आणि नीट ऊब एवढ्यावर यातली पुष्कळ पिल्लं चार दिवसांत सरळ चालतात. फक्त काम पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायला हवं. तेव्हा हाडं आणि सांध्यांचे बंध मऊ असतात, वळवाल तसे वळतात. आठवडा उलटला की पाय त्याच वाकड्या जागी घट्ट होतात आणि पट्टीचा फारसा उपयोग उरत नाही.

आधी ऊब, मग पाणी, दाणा शेवटी

पायाला हात लावण्याआधी पिल्लू गार पडलेलं नाही ना ते बघा. त्याचे तळपाय आपल्या गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. गार लागले, डोळे मिटलेले असले, चिवचिव मंद झाली असली, तर पट्टी नंतर, आधी पिल्लू गरम करा. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता धरून ठेवता येत नाही. न चालणारं पिल्लू आईच्या पंखाखाली किंवा बल्बखाली सरकूही शकत नाही, म्हणून भावंडांच्या आधी तेच गारठतं. कमजोर पिल्लं पायाने मरत नाहीत, बहुतेक वेळा गारठून आणि पाण्यावाचून मरतात.

एक खोका घ्या, साधारण दीड फूट लांब आणि एक फूट रुंद. त्याच्या एकाच बाजूला 60 वॅटचा, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब टांगा. एलईडीचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब जमिनीपासून फूटभर उंच ठेवून सुरुवात करा आणि पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून बघा. पहिले दोन-तीन दिवस तिथे 34 ते 35 अंश सेल्सिअस हवेत, आठवडाअखेर 32 चालतील, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दुसरी बाजू मुद्दाम थंड ठेवायची. धडधाकट पिल्लू गरम झालं की आपण होऊन लांब जातं. पाय फाकलेलं जाऊ शकत नाही. म्हणून त्याला बल्बच्या बरोबर खाली न ठेवता उबेच्या कडेला ठेवा आणि चोच उघडी टाकून धापतंय का याकडे लक्ष द्या. धापत असेल तर बल्ब वर घ्या. आक्रसून, पिसं फुलवून, एकसारखं केकाटत असेल तर खाली.

वीज गेली तर हाताला सोसेल एवढ्याच गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून खोक्यात आडवी ठेवा आणि खोक्यावर अर्धं गोणपाट टाका. बाटली तासाभरात निवते, रात्री गजर लावून बदलावी लागते.

अंग गरम झालं की पाणी. उकळून कोमट केलेल्या 100 मिलिलिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्या. बोट बुडवून एक थेंब चोचीच्या कडेला टेकवा. थेंब आपोआप आत ओढला जातो आणि पिल्लू मान वर करून गिळतं. ते गिळेपर्यंत दुसरा थेंब नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन थेंब पुरे. सिरिंजने किंवा ड्रॉपरने चोच उघडून आत पाणी सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं, पाणी सरळ तिकडे उतरतं आणि चांगलं जगणारं पिल्लू हातातच जातं. गुळाचं पाणी पहिल्या दिवसापुरतं, पुढे साधं कोमट पाणी. जास्त दिवस दिलं तर पातळ हगवण लागते. शिवाय सांडलेल्या गोड पाण्याला मुंग्या लागतात, आणि हलता न येणाऱ्या पिल्लाला मुंग्या जिवंत खातात. खोका चार विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत उभ्या करा. पावसाळ्याच्या तोंडावर तर हे विसरूच नका.

दाण्याची घाई नको. अंड्यातलं पिवळं बलक पिल्लू बाहेर येण्याआधी त्याच्या पोटात ओढलं जातं आणि त्यावर पिल्लाची साधारण दोन दिवस गुजराण होते. गारठलेल्या पिल्लाला बळेच भरवलेला दाणा पोटात तसाच राहतो.

हे पाय फाकणंच आहे ना?

अंड्याबाहेर आल्यावर पहिले सहा-बारा तास सगळीच पिल्लं लटपटतात. तेव्हा पट्टी बांधू नका, अंग पूर्ण सुकू द्या. बारा तास झाले तरी पाय अंगाखाली येत नसतील तर पिल्लू ओंजळीत उलटं धरून दोन्ही पाय शेजारी शेजारी बघा.

पायाच्या मधला, मागच्या बाजूला वाकणारा सांधा, ज्याला आपण सवयीने गुडघा म्हणतो (खरं तर तो घोटा), तो दोन्हीकडे सारखा, गोल आणि बिनसुजेचा हवा. बोटाने पाय हलकेच अंगाखाली आणले की सहज येतात, सोडले की बाजूला घसरतात. तळव्याला करंगळी लावली की बोटं आवळली जातात. हे सगळं जुळलं तर पाय फाकलेले आहेत, पट्टी बांधा.

एकच पाय बाजूला वळलेला, तो सांधा सुजलेला, लालसर किंवा मागून चपटा लागतोय, आणि पाय सरळ करताना पिल्लू ओरडतं, तर सांध्यामागची दोरी, म्हणजे स्नायूबंध, खोबणीतून सटकला असण्याची शक्यता मोठी. अशा पायाला फाकलेल्या पायाची पट्टी बांधली तर दुखणं वाढतं. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. दोरी जागेवर बसवायची संधी पहिल्या एक-दोन दिवसांतच असते. मँगनीज आणि कोलीन कमी पडलं की हे होतं, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्यही तपासायला हवं.

एक पाय पुढे, एक पाय मागे टाकून बसलेलं पिल्लू पाहिलं की पुष्कळांना मॅरेक्स, हा पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग, आठवतो. पण तो रोग असा दिसायला काही आठवडे जावे लागतात. दोन दिवसांच्या पिल्लात त्याची शंका घेऊन हातपाय गाळू नयेत.

पट्टी बांधताना

अर्ध्या इंचाची कागदी मायक्रोपोर टेप मेडिकलमध्ये मिळते. ती नसेल तर जखमेवर लावायची साधी पट्टी, बँड-एड, उभी मधोमध कापा. प्रत्येक अर्धी पट्टी नऊएक मिलिमीटर रुंदीची होते आणि मधला कापसाचा भाग दोन पायांच्या मध्ये येतो, तिथे चिकटत नाही. सोय म्हणून हीच उत्तम. विजेची काळी टेप, सेलोटेप, रबरबँड, दोरा यांतलं काही वापरू नका. टेपचा डिंक कातडीसकट निघतो आणि रबर रक्त अडवतं. पट्टी अंगाच्या रंगाची असेल तर बरं. पांढऱ्याशुभ्र पट्टीवर बाकीची पिल्लं चोची मारत बसतात.

हे काम दोघांचं आहे. एकाने पिल्लू मऊ फडक्यात गुंडाळून पाठ तळहातावर आणि पाय वर, असं धरायचं. पोटावर दाब नको, आत बलक असतं. उताणं फार वेळ ठेवायचं नाही, मिनिटभरात काम उरकायचं. दुसऱ्याने दोन्ही पाय सरळ करून, धडधाकट पिल्लू उभं राहतं तेवढ्या अंतरावर आणायचे. गावरान पिल्लू तीसेक ग्रॅमचं असतं, त्याला दोन नळ्यांच्या (मधल्या सांध्याखालच्या पायाच्या भागांच्या) मध्ये 2 ते 2.5 सेंटिमीटर अंतर बसतं. पट्टी नळीवर बांधायची, म्हणजे तो मधला सांधा वर आणि बोटं खाली राहतील अशी. एक टोक नळीभोवती फिरवून पट्टीवरच चिकटवा, मधला भाग ताणून न धरता सरळ ठेवा, दुसरं टोक तसंच. इंग्रजी आठाचा आकडा आडवा पडतो.

पाय फारच फाकलेले असतील तर पहिल्या दिवशी एकदम जवळ ओढू नका. अंतर 3 सेंटिमीटर ठेवा, दुसऱ्या दिवशी अडीचवर आणा. जवळजवळ जोडून बांधलेले पाय ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. पिल्लाला तोल सावरायला जागाच राहत नाही, ते सारखं तोंडावर पडतं आणि काही तासांत दमून उठणंच सोडतं.

घट्टपणा बघायला काडेपेटीची काडी घ्या. ती पट्टी आणि नळी यांच्या मध्ये अलगद सरकली पाहिजे. मग अर्ध्या तासाने बोटं बघा. ती फुगली, निळसर झाली किंवा दुसऱ्या पिल्लाच्या बोटांपेक्षा गार लागली तर पट्टी लगेच सैल करा. कडकनाथच्या पिल्लाचे पाय मुळातच काळसर, त्यात निळेपणा दिसत नाही. तिथे फुगीरपणा आणि गारवा यावरच भिस्त ठेवावी लागते.

बांधल्यानंतरचा पहिला तास

पट्टी लागली की पिल्लू गडबडतं. उडी मारल्यासारखं करतं, कुशीवर पडतं, उताणं होऊन पाय झाडतं. उताणं पडलेलं पिल्लू आपलं आपण सुलटं होईलच असं नाही आणि तसंच राहिलं तर थकून मरतं. म्हणून पहिला तासभर त्याच्याजवळ बसून राहा. पडलं की सुलटं करा, पण प्रत्येक धडपडीला हात देऊ नका. त्या धडपडीतच मांडीच्या स्नायूंना बळ येतं.

खाली वर्तमानपत्र नको. पाय फाकण्याचं पहिलं कारण तेच असतं. नवा गुळगुळीत पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या क्रेटचा तळ, फरशी, सगळं त्याच जातीचं. जुना टर्किशचा टॉवेल सुरकुती न पडेल असा ताणून अंथरा. गोणपाटही चालतं, पण त्याचे सुटे धागे नखांत अडकून बोटाला फास बसतो, म्हणून कडा आत दुमडा आणि लोंबणारे धागे कापून टाका. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पहिले दोन दिवस नको. पट्टी बांधलेल्या पिल्लाला त्यात पाय रोवता येत नाहीत आणि दाणा समजून ते भुसा गिळतं.

पट्टी बांधूनही जे पिल्लू पोटावरच बसून राहतं त्याच्यासाठी चहाचा रुंद कप कामाला येतो. तळाशी फडकं घालून पिल्लू त्यात असं ठेवा की पाय अंगाखाली आणि छाती-पाठीला कपाचा आधार, डोकं कडेच्या वर मोकळं. वीस मिनिटं ठेवा, बाहेर काढून पाणी द्या, तासाभराने पुन्हा. कपही उबेतच हवा. शिवाय दिवसातून पाच-सहा वेळा पिल्लाला छातीखाली दोन बोटांचा आधार देऊन, तळवे टॉवेलला टेकतील असं मिनिटभर उभं धरा. अंगाचा थोडा भार पायांवर येऊ द्यायचा.

पाण्याचं भांडं उथळ हवं. बाटलीच्या झाकणात गोट्या किंवा धुतलेले खडे भरून वरून पाणी ओता, म्हणजे चोच बुडते, डोकं बुडत नाही. पाय बांधलेलं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं. दाणा त्याच्या चोचीपुढे, टॉवेलवरच पसरा आणि बोटाने टकटक करा. कोंबडी चोचीने टिपून पिल्लांना दाणा दाखवते, तसं. एखादं धडधाकट, शांत भावंड सोबतीला ठेवलं तर त्याचं बघून ते लवकर खायला शिकतं. पण एकच. पाच-सहा जणांच्या घोळक्यात त्याला तुडवतात.

खाद्य चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य, तेच द्या. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाच्या कण्या चालतील, पण नुसत्या कण्यांवर पिल्लं वाढवायची रीत पायाच्या दुखण्याला आमंत्रण देते. त्यात ब-2 जीवनसत्त्व आणि प्रथिनं फार कमी असतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य तर चुकूनही नको. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. कोंबड्यांसाठी मिळणारं ब-कॉम्प्लेक्सचं द्रव बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यातून पाच दिवस द्या. ते पाणी रोज ताजं करा आणि भांडं सावलीत ठेवा, उजेडाने ब-2 नासतं.

पट्टी किती दिवस?

रोज एकदा पट्टी काढायची. खेचून नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन मिनिटं धरा किंवा खोबरेल तेलाचं बोट लावा, ती आपोआप सुटते. तेल लावलं असेल तर नवी पट्टी चिकटवण्याआधी पाय पुसून कोरडे करा. पट्टीविना दहा मिनिटं टॉवेलवर सोडून बघा. पाय अंगाखाली ठेवून चार पावलं टाकली आणि न घसरता उभं राहिलं तर पुन्हा बांधू नका. थोडं चालून पाय परत फाकू लागले तर नवी पट्टी. साधारण दोन ते चार दिवस लागतात. पट्टी लवकर काढून पाहायचा मोह होतो. चालायला लागलं तरी पहिला दिवस दर दोन-तीन तासांनी नजर टाका, दमलं की पाय पुन्हा सरकतात. पाच दिवस नीट बांधूनही काहीच फरक नसेल तर अडचण मांडीच्या सांध्यात किंवा मज्जातंतूंत असावी. तेव्हा पशुवैद्यकांचं मत घ्या. पिल्लू खातपीत नसेल, सारखं कण्हत असेल, तर त्याचे हाल लांबवण्यापेक्षा त्यांच्याच हातून ते शांतपणे संपवणं बरं.

पडून राहिल्याने येणारी दुखणी

न चालणाऱ्या पिल्लाच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून सुकते आणि गुदद्वार बंद होतं. दिवसातून दोनदा बघा. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस लावून खडा मऊ करा आणि पुसून घ्या. कोरडा ओढलात तर लव आणि कातडी बरोबर निघते. पुसल्यावर अंग लगेच कोरडं करून उबेत ठेवा. नवख्या माणसाची एक चूक इथे जिवावर बेतते. पोटाच्या मध्यावर, गुदद्वाराच्या पुढे जी काळी खपली किंवा बारीक दोरा दिसतो ती बेंबी असते, चिकटलेली घाण नव्हे. ती ओढू नका.

बेंबी सुकलेली नसेल, ओलसर दिसत असेल, तर 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन उकळून गार केलेल्या चौपट पाण्यात मिसळून कापसाच्या काडीने दिवसातून दोनदा लावा आणि टॉवेल रोज बदला. बलकाची पिशवी थोडी बाहेर लोंबत असेल तर ती कापायची, दाबायची किंवा बांधायची नाही. पिल्लू ओलसर स्वच्छ फडक्यावर एकटं, उबेत ठेवा, काही तासांत ती आत जाऊ शकते. पोट फुगून मऊ लागलं, बेंबी लाल-काळी झाली आणि कुजकट वास यायला लागला तर संसर्ग आत गेलेला आहे. यावर घरगुती उपाय नाही, आणि अशी पिल्लं उपचारांनंतरही बऱ्याचदा जातात. ते पिल्लू बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, हात साबणाने धुवा. पांढरी, चिकट हगवण एकाहून जास्त पिल्लांना असेल तरी तसंच, आणि दवाखान्यात दाखवा. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी बोलता येतं.

पाय सरळ पण बोटं मुठीसारखी मिटलेली असतील तर पातळ पुठ्ठ्याचा, उघडलेल्या बोटांच्या मापाचा बूट कापा. बोटं त्यावर पसरून टेपने चिकटवा. एक-दोन दिवसांत ती उघडतात. सोबत ब-कॉम्प्लेक्स चालू ठेवा. मान पाठीवर वळून डोकं आभाळाकडे जात असेल तर ब-1 किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, पण मानमोडी (राणीखेत) या साथीच्या रोगातही मान अशीच वळते. घरात मोठ्या कोंबड्या आजारी असतील तर घरचे प्रयोग करत बसू नका.

पट्टी बांधलेल्या, अशक्त पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशीची लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात टाकण्याआधी पशुवैद्यकांना विचारा. ते चार दिवस पुढे ढकलायला सांगतील कदाचित, पण वगळू मात्र नका. पाय वाचवून मानमोडीत पिल्लू घालवण्यासारखं वाईट काही नाही.

पुढच्या खेपेला

एकाच खेपेत तीन-चार पिल्लांचे पाय फाकले तर दोष पिल्लांत नाही, जागेत आहे. इन्क्युबेटरच्या, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्राच्या, ट्रेवर अठराव्या दिवशी, अंडी फिरवणं थांबवताना, बारीक विणीची रबरी जाळी किंवा धुतलेलं जाडं कापड घाला. तारेच्या मोठ्या भोकांत पाय अडकतात, म्हणून ती जाळी उघडी नको. शेवटचे तीन दिवस आर्द्रता 65 ते 70 टक्के ठेवा आणि झाकण उघडू नका. हवा कोरडी झाली की आतलं पापुद्र्याचं आवरण चिवट होतं, पिल्लाला फिरून कवच कापता येत नाही आणि ते दमून, पाय लुळे घेऊन बाहेर येतं. पंख्याच्या यंत्रात तापमान 37.5 अंशांवर हवं. आकड्यावर विश्वास टाकण्याआधी ताप मोजायच्या थर्मामीटरने एकदा पडताळून घ्या. खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांत हा त्रास कमी दिसतो, कारण टोपलीत पेंढा असतो आणि पाय रोवायला पकड मिळते. मात्र टोपलीचा तळ खोलगट हवा. सपाट पाटीत दोन मुठी पेंढा टाकून बसवलेली जड कोंबडी तो पेंढा बाजूला सारते आणि पिल्लं तिच्या अंगाखाली उघड्या तळावर चपटी होतात.